चढावर बंद पडणारा आणि पुन्हा चालू न होणारा ट्रक
वाचकांचे प्रश्न, वाहनतज्ज्ञाची उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे सहा सिलिंडरचा जुना ट्रक आहे. केळीच्या हंगामात चोपड्याहून शिरपूर, पळासनेरमार्गे इंदूरकडे फेऱ्या होतात. रिकामी गाडी दिवसभर चालते, तिला काही होत नाही. मात्र केळी भरून बिजासन घाट चढू लागलो, की गाडी ओढ सोडते, गचके देते आणि बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, बॅटऱ्या नव्या आहेत, पण इंजिन धरत नाही. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूरही निघत नाही. फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या पंपावरचा) हातपंप वर ओढायला जड जातो आणि सोडला की आपोआप खाली बसतो. अर्धा तास थांबलो, की काहीही न करता गाडी चालू होते. टाकी अर्ध्याहून कमी असली, तर हा त्रास जास्त होतो. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. इंजेक्शन पंप (नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा) आणि नोझल, दोन्ही पंप रूममधून, म्हणजे पंप दुरुस्तीच्या दुकानातून, दुरुस्त करून आणले. मोठा खर्च झाला, पण फरक पडला नाही. उन्हात डिझेलचा गॅस होतो, असे एक मिस्त्री सांगतात. दुसरे म्हणतात की पंपच बदला. आम्ही काय करावे? – एक वाचक, चोपडा तालुका, जि. जळगाव

उत्तर : पंप बदलण्याचा निर्णय आपण तूर्त थांबवावा. आपण लिहिलेल्या लक्षणांत पंपाविरुद्ध फारसा पुरावा नाही. उलट टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या वाटेत काहीतरी अडते आहे, असे त्यातले जवळजवळ प्रत्येक लक्षण सांगते. हातपंपाविषयीचे निरीक्षण तर आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग आहे. ते कोणी केले असेल, त्या चालकाला या कामात शेवटपर्यंत सोबत ठेवावे.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून मूळ आकारमानाच्या साधारण सतराव्या भागाएवढी केली, की तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे हवा, पुरेसे कॉम्प्रेशन आणि योग्य वेळी फवारलेले डिझेल एवढ्याच गोष्टी हव्यात. आपली गाडी रिकामी असताना दिवसभर चालते आणि बंद पडल्यावरही सेल्फ जोरात फिरतो. त्यामुळे कॉम्प्रेशन गेले आहे, असे मानायला आधार उरत नाही. सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचतच नाही, असे समजावे. डिझेल पोहोचूनही पेटले नसते, तर पांढरा धूर आला असता. हवा कमी पडली असती, तर गाडी ओढ सोडताना काळा धूर दिसला असता.

आता गॅसविषयी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो हे खरे आहे, आणि पेट्रोल एवढ्या उष्णतेत उकळू लागते हेही खरे आहे. डिझेल मात्र दीडशे अंशांच्या बऱ्याच वर गेल्याशिवाय उकळू लागत नाही, त्यामुळे भुसावळच्या उन्हातही टाकीतल्या किंवा नळीतल्या डिझेलचा गॅस होत नाही. तरीही मिस्त्रींना फिल्टरचा स्क्रू सैल करताना बुडबुडे दिसले असतील, तर ते खोटे नाहीत. टाकीकडची वाट अडलेली असताना फीड पंप जोराने ओढत राहिला, की नळीत पोकळी तयार होते आणि डिझेलात विरघळलेली हवा सुटून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. हे बुडबुडे अडथळ्याचा परिणाम असतात. ते पाहून केवळ एअर (नळीत अडकलेली हवा) काढत राहिले, तर गाडी थोडी चालते आणि पुढच्या चढावर पुन्हा उभी राहते.

अर्ध्या तासाच्या विश्रांतीने काय होते, याचा नीट विचार केला तर शोध बराच आटोपशीर होतो. एखाद्या सैल जोडातून एअर शिरून पंप रिकामा झाला असता, तर थांबून उपयोग झाला नसता. हातपंप मारून एअर काढल्याशिवाय गाडी चालू झाली नसती. आपली गाडी एअर न काढताच चालू होते. याचा अर्थ इंजिन थांबल्यावर काहीतरी आपोआप मोकळे होते. असे दोन प्रकारे घडू शकते. एक म्हणजे टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असते. डिझेल खर्च होते, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही, टाकीत पोकळी निर्माण होते आणि शेवटी फीड पंपाला ओढणे अशक्य होते. थांबल्यावर हवा कुठून तरी हळूहळू झिरपते आणि गाडी सुटते. दुसरा प्रकार म्हणजे टाकीच्या तळातला गाळ, गंजाचा पापुद्रा किंवा डिझेलच्या कॅनच्या झाकणाखाली असते तसली एखादी पातळ चकती ओढीबरोबर शोषनळीच्या (टाकीतून डिझेल वर ओढणाऱ्या नळीच्या) तोंडाला जाऊन चिकटते आणि ओढ थांबली की सुटून खाली पडते. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागते, म्हणून अर्धवट अडलेल्या वाटेतूनही तिचे भागते. भरलेली गाडी घाट चढताना मात्र तेवढ्यावर भागत नाही. टाकी कमी असताना त्रास वाढतो, तोही या अंदाजाशी जुळतो. डिझेल खाली गेले की ते अधिक खोलातून वर ओढावे लागते आणि उरलेल्या थोड्या डिझेलात गाळ जास्त ढवळला जातो.

सुरुवात झाकणापासून करावी, कारण तिला खर्च नाही. पुढच्या वेळी गाडी बंद पडताच, सेल्फ मारण्याआधी, टाकीचे झाकण सावकाश उघडावे आणि कान देऊन ऐकावे. हवा आत शिरल्याचा सूं असा आवाज आला आणि लगेच हातपंप हलका होऊन गाडी चालू झाली, तर दोष झाकणातच आहे. छिद्र बारीक तारेने व हवेच्या दाबाने साफ करावे किंवा झाकण बदलावे. उन्हाळ्यातली धूळ आणि झाकणाभोवती सांडलेले डिझेल यांचा थर त्या छिद्रावर बसतो, आणि गाडी धुतानाही तिथे कोणाचा हात पोहोचत नाही. काही चालक चोरीच्या भीतीने वेगळेच कुलपाचे झाकण बसवतात. त्याला हवेची वाट आहे की नाही, हे आवर्जून पाहावे.

झाकण निर्दोष निघाले, तर टाकी वगळून गाडी चालवून पाहणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा आहे, आणि खरे तर ती पंप उतरवण्याआधीच व्हायला हवी होती. वीस लिटरचा स्वच्छ कॅन घ्यावा, तो फीड पंपापेक्षा उंच आणि सायलेन्सरपासून दूर, केबिनच्या मागे पक्का बांधावा. त्यातून डिझेलसाठी बनवलेली नवी नळी थेट फीड पंपाच्या आत जाणाऱ्या तोंडाला जोडावी आणि परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. परतीची नळी टाकीतच राहू दिली, तर फीड पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा बरेच जास्त डिझेल फिरवत असल्यामुळे कॅन पाहता पाहता रिकामा होईल. कॅनच्या तोंडाला हवा जाण्यापुरती फट ठेवावी, पण डिझेल हिंदकळून सांडणार नाही याची काळजी घ्यावी. नळीचा एखादा हात लांबीचा तुकडा पारदर्शक असेल, तर बुडबुडे येतात का हेही दिसेल. ही परीक्षा केळी भरून करू नये. माल नाशवंत नसावा, चढ कमी वर्दळीचा असावा आणि सोबत दुसरा माणूस असावा.

कॅनवर गाडी तोच भार घेऊन चढ न थांबता चढली, तर पंप, नोझल आणि फिल्टर निर्दोष आहेत, हे कोणालाही मान्य करावे लागेल. मग टाकी उतरवावी, पूर्ण रिकामी करून डिझेलनेच धुवावी आणि आत विजेरीचा प्रकाश टाकून तळ पाहावा. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली, की आतल्या दमट हवेतले पाणी भिंतींवर जमते आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. त्याने पत्रा गंजतो, शिवाय पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून बुळबुळीत काळपट गाळ होतो. शोषनळीच्या टोकाला जाळी असेल तर ती काढून साफ करावी. ती जाळी फेकून देण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये, कारण मग तोच गाळ पुढच्या नळीत जाऊन अडकतो. टाकी गळत असली, तरी ती नुसती रिकामी करून वेल्डिंगला देणे जिवावर बेतू शकते. तळाशी राहिलेल्या थेंबांची वाफ वेल्डिंगच्या उष्णतेने तयार होऊन स्फोट होतो. असे काम टाकी शास्त्रशुद्ध रीतीने निर्धोक करून देणाऱ्याकडेच द्यावे.

टाकी स्वच्छ निघाली, तर दोन ठिकाणे राहतात आणि दोन्ही हमखास नजरेतून सुटतात. जुन्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटून लोंबू लागते. बाहेरून नळी धडधाकट दिसते, फुंकली तर हवाही जाते, पण डिझेल जोराने ओढले जाऊ लागले की ते अस्तर झडपेसारखे मिटते. अशी नळी तपासण्यात वेळ घालवू नये, सरळ बदलावी. पाण्याची किंवा साधी प्लास्टिकची नळी त्या जागी बसवू नये. डिझेलने ती आधी मऊ पडते आणि पुढे कडक होऊन तडकते. दुसरे ठिकाण म्हणजे फीड पंपाच्या तोंडाशी असलेली छोटी वाटी आणि तिच्यातली जाळी. वरचे दोन मोठे फिल्टर बदलले की फिल्टरचे काम झाले, असे समजले जाते आणि ही वाटी वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. आपल्या पत्रात तिचा उल्लेख नाही, त्यामुळे कॅन बांधण्याआधीच ती उघडून पाहावी, असे मी सुचवेन. ती बंद करताना खालचा वायसर नवा घालावा.

कॅनवरही गाडी बंद पडली, तर मात्र दिशा बदलते. मग फीड पंपाच्या झडपा, स्प्रिंग व दट्ट्या, आणि इंजेक्शन पंपावरची ओव्हरफ्लो झडप तपासावी लागेल. ही झडप उघडी अडकली, तर डिझेल पंपात दाबाने उभे न राहता परतीच्या वाटेने टाकीत निघून जाते. फिल्टरनंतर दाबाचा गेज लावला, तर इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरसाठी एका ओळीत वेगळा दट्ट्या असलेल्या पंपाच्या) गाडीत सर्वसाधारणपणे एक ते दीड बार दाब मिळायला हवा. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पंप रूममध्ये पंप दुरुस्त होतो, तेव्हा त्याला बाकावर स्वच्छ डिझेल भरपूर दिले जाते. तिथे तो उत्तम चालणारच, कारण गाडीची टाकी आणि नळी तिथे आलेलीच नसते. त्याचप्रमाणे गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा विश्रांती घेऊन सुधारलेली असते. यात मिस्त्रींच्या हुशारीचा प्रश्न नाही. दोष घाटात दिसतो आणि शोध गॅरेजमध्ये घेतला जातो, म्हणून पैसे पुन्हा पुन्हा खर्च होतात.

आणखी एक गोष्ट, जी दुरुस्तीपेक्षा महत्त्वाची आहे. इंजिन बंद पडले की हवेचा कॉम्प्रेसर थांबतो; एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत साठलेल्या हवेवर ब्रेक मोजक्याच वेळा लागतो. म्हणून चढावर गाडी ओढ सोडू लागताच, ती बंद पडण्याची वाट न पाहता, डाव्या कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि परावर्तक त्रिकोण पुरेशा अंतरावर मागे ठेवावा. उतारावर मागे सोडून गिअरमध्ये गाडी चालू करण्याचा प्रयत्न भरलेल्या ट्रकने कधीही करू नये. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान मिनिटभर जाऊ द्यावे. डिझेलच येत नसताना सेल्फ मारत राहिल्याने नव्या बॅटऱ्याही संपतील आणि सेल्फची वायंडिंगही जळेल.

प्रश्न : माझ्याकडे रोटरी पंपाचे चारचाकी मालवाहू वाहन आहे. सकाळी पहिल्या दमात चालू होते. मात्र धुळ्याच्या बाजारात माल उतरवायला दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवले, की गरम इंजिन पुन्हा चालू होत नाही. तास-दीड तासाने होते. चालू असताना कधी बंद पडत नाही. – एक वाचक, साक्री

उत्तर : आपला प्रश्न वरच्या प्रश्नासारखा दिसतो, पण त्याचे कारण बहुधा वेगळे आहे. डिझेल तापले की पातळ होते. रोटरी पंपाचे (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणाऱ्या पंपाचे) आतले भाग डिझेलनेच वंगण घेतात आणि अत्यंत बारीक फटीवर काम करतात. ते झिजले असतील, तर थंड, घट्ट डिझेलात पुरेसा दाब तयार होतो, पण तापलेले पातळ डिझेल फटीतून निसटते. चालू इंजिनाच्या वेगात हे झाकले जाते; सेल्फच्या मंद वेगात झाकले जात नाही. इंजिन थांबल्यावर पंख्याचा वारा थांबतो आणि इंजिनाची उष्णता पंपात चढते, त्यामुळे बंद केल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे सर्वांत वाईट असतात.

याची परीक्षा सोपी आहे. गाडी चालू होत नसताना, इंजिन बंदच ठेवून, पाण्यात भिजवलेले जाड फडके पंपाभोवती गुंडाळावे आणि ते बदलत पाच-दहा मिनिटे थांबावे. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर पंपाची झीज जवळजवळ निश्चित समजावी. बादलीभर गार पाणी तापलेल्या पंपावर ओतू नये. बाहेरचे घर एकदम आकसून आतला भाग अडकू शकतो आणि दुरुस्त होणारा पंप भंगारात जातो. आपल्या बाबतीत पंप रूमला जाणे योग्य ठरेल, पण त्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. गरम असताना सेल्फ सकाळइतक्याच वेगाने फिरतो का, हे ऐकावे. बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल किंवा बॅटरीच्या तारांची टोके हाताला चटका देत असतील, तर आधी ते दुरुस्त करावे. दुसरी गोष्ट म्हणजे पंपावरचा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप. चावी फिरवताच त्याचा टक् असा आवाज यायला हवा. थंड असताना आवाज येतो आणि गरम असताना येत नाही, पण तारेत वीज आहे, असे आढळले, तर दोष त्या स्वस्त भागात आहे.

प्रश्न : आमचा ट्रक दिवसभर उत्तम चालतो, पण रात्रभर उभा राहिला की सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. अंगणात तोंड चढाकडे करून उभा केला, तर जास्तच. डिझेल कुठेही गळत नाही. – एक वाचक, तळोदा

उत्तर : डिझेल गळत नाही, म्हणूनच दोष सापडत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी इंजिन चालू असताना ओढीखाली असते. तिथला जोड सैल असेल, तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि जोड कोरडाच दिसतो. रात्री त्याच वाटेने हवा शिरते आणि डिझेल उतरून टाकीत परत जाते. टाकी पंपापेक्षा खालच्या बाजूला गेली, की ते अधिक वेगाने उतरते. फीड पंपाची परत न जाऊ देणारी झडप झिजली असेल, तरी हेच घडते.

नळी दोन्ही बाजूंनी सोडवावी, एक टोक बंद करावे, दुसऱ्या टोकातून सायकलच्या पंपाने हलकी हवा द्यावी आणि जोडांसह संपूर्ण नळी पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे पाहावेत. बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर एकदा दाबले गेले, की कडक होतात आणि पुन्हा कसून बसत नाहीत. ते नवे घालावेत. नवे मिळेपर्यंत जुना वायसर लालबुंद तापवून पाण्यात विझवला तर तांबे पुन्हा मऊ होते आणि तेवढ्यापुरते काम भागते. शोषनळीला टाकीच्या आत, वरच्या भागात तडा गेलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. डिझेल त्या तड्याच्या खाली गेले की नळी हवा ओढू लागते. टाकी भरलेली ठेवून दोन-चार सकाळी गाडी चालू करून पाहावी. त्रास नाहीसा झाला, तर तडा शोधावा.

दुरुस्तीनंतर एअर काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारावा, तो कसल्यावर पंपावरचा स्क्रू सैल करून तेच करावे. तरीही गाडी धरली नाही, तर नोझलकडील नट थोडे सैल करून सेल्फ मारावा. त्या वेळी हात आणि चेहरा दूर ठेवावा. नोझलपाशी दोनशे बारच्या वर दाब असतो आणि तेवढ्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती तातडीने रुग्णालयात दाखवावी लागते.

प्रश्न : गाडी चालू होत नसेल तर एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून चालू करतात. हे चालेल का? – एक वाचक, पारोळा

उत्तर : नाही. पेट्रोलची वाफ पिस्टन वर पोहोचण्याआधीच पेटू शकते, आणि त्या धक्क्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात किंवा ज्योत उलट फिरून बोळा धरणाऱ्याच्या तोंडावर येते. शिवाय डिझेलच पोहोचत नसेल, तर इंजिन पेट्रोलवर क्षणभर फिरून पुन्हा बंद पडते. त्या क्षणाच्या धडधडीवरून एवढेच समजते की कॉम्प्रेशन आहे, आणि ते समजण्यासाठी कॉम्प्रेशनचा गेज पुरेसा आहे.